तांबडा भोपळा, चक्का आणि कोजागरीचे पाहुणे

स्वयंपाकघरातील शंकासमाधान

नवरात्र आणि कोजागरी जवळ आली, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत भोपळ्याचा विषय हमखास असतो. या वेळी मात्र त्या पत्रांना एक नवेच वळण लागलेले दिसते. लातूरहून आलेले पहिले पत्र लांबलचक आणि तपशिलाचे असल्यामुळे त्याचे उत्तरही सविस्तर दिले आहे.

प्रश्न: कोजागरीला आमच्या गच्चीवर दरवर्षी पंचवीसेक माणसे जमतात. मसाला दूध आटेपर्यंत तोंडात टाकायला काहीतरी लागतेच. अमेरिकेत राहणाऱ्या भाचीने या वर्षी तिकडच्या ‘पंपकिन डिप’ची कृती पाठवली. तीत भोपळ्याचा डबाबंद गर, क्रीम चीज, पिठीसाखर, दालचिनी आणि जायफळ असे साहित्य आहे. मी येथील तांबडा भोपळा कुकरमध्ये उकडला, मिक्सरमधून काढला, क्रीम चीजऐवजी दही घातले आणि साखर टाळून तिखट घातले. ते इतके पातळ झाले, की भाकरीच्या तुकड्यावर ठरेना आणि चवही ना धड गोड, ना धड तिखट अशी लागली. घट्ट, मसालेदार आणि आपल्या माणसांना रुचेल असे डिप कसे करावे? — एक वाचक, लातूर

उत्तर: भाचीने पाठवलेली कृती चुकीची नाही, ती ज्या भोपळ्यासाठी लिहिलेली आहे तो भोपळा आपल्या हाती नव्हता, एवढेच. अमेरिकेत असे पदार्थ बहुतेक घरांत डब्यातल्या गरापासून केले जातात. त्यासाठीचा भोपळा मुख्यतः इलिनॉय राज्यात पिकतो. तो कारखान्यातच शिजवून, गाळून, घट्ट करून ४२५ ग्रॅमच्या डब्यात भरलेला असतो. ऑक्टोबरच्या अखेरीस हॅलोविनला दारात कोरून ठेवतात ते मोठे केशरी भोपळे निराळे. ते पाणचट आणि तंतुमय असतात, आणि स्वयंपाकात त्यांना तेथेही फारसे कोणी विचारत नाही. शिवाय क्रीम चीज म्हणजे दही नव्हे. त्यातले बरेचसे पाणी आधीच काढून टाकलेले असते आणि त्यात स्निग्धांश भरपूर असतो. थोडक्यात, त्या कृतीतले दोन्ही मुख्य पदार्थ घट्ट आहेत, आणि आपण घेतलेले दोन्ही पातळ होते.

ताज्या भोपळ्यात वजनाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. तो कुकरमध्ये उकडला, की वाफेचे पाणी त्यात आणखी मुरते. त्यावर दही घातले, की दह्याच्या निवळीची भर पडते. आणि मिक्सर फिरवला, की दह्याचा उरलासुरला घट्टपणाही मोडतो. म्हणून या पदार्थात मसाल्याचा विचार नंतर आणि पाण्याचा आधी करावा लागतो.

पंचवीस जणांसाठी सालीसकट २ किलो तांबडा भोपळा आणि सुमारे ४०० ग्रॅम चक्का घ्यावा. चक्क्यासाठी सव्वा लिटर म्हशीच्या दुधाचे दही आदल्या रात्री पंचात बांधून टांगून ठेवावे. आपल्याकडे आश्विनातही दिवसाचे ऊन कमी झालेले नसते, म्हणून पुरचुंडी बाहेर खुंटीला टांगण्याऐवजी चाळणीत ठेवून, खाली पातेले घेऊन, फ्रिजमध्ये ठेवलेली बरी, म्हणजे चक्का आंबट होत नाही.

भोपळा उकडू नये, भाजावा. साल न काढता त्याच्या चार बोटे रुंदीच्या फोडी कराव्यात, बिया आणि जाळी खरवडून काढावी, फोडींना तेलाचा हात लावावा आणि ओव्हन असल्यास २०० अंश सेल्सिअसवर सुमारे पाऊण तास भाजाव्यात. ओव्हन नसेल तर काही अडत नाही. जाड बुडाची लोखंडी कढई घ्यावी, फोडी सालीची बाजू खाली करून एका थरात मांडाव्यात, पाण्याचा थेंबही न घालता झाकण ठेवावे आणि मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटे राहू द्यावे. साल खालून करपली तरी चिंता नाही, गर तिच्या आडोशाने शिजतो आणि करपलेल्या सालीचा किंचित धुरकट वास त्याला लागतो. वांग्याच्या भरताला चव येते ती याच वासामुळे. शेवटची पाच मिनिटे झाकण काढून ठेवावे.

गर चमच्याने खरवडून घ्यावा आणि मिक्सरऐवजी पुरणयंत्रातून काढावा. पुरणयंत्राने तंतू मागे राहतात आणि गरात हवा मिसळत नाही. आता जी पायरी बहुतेक लोक गाळतात ती येते. हा गर पुन्हा कढईत, एक चमचा तेलावर, मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे परतावा. सुरुवातीला तो बुडबुडे काढून हातावर उडतो, म्हणून लांब दांड्याचे उलथने घ्यावे. पुढे त्याचा रंग केशरीकडून विटेकडे झुकू लागतो, कडेला तेल दिसू लागते आणि गर एका गोळ्यात फिरतो. उलथन्याने मधोमध रेघ ओढली असता कढईचा तळ दिसावा आणि ती रेघ लगेच भरून येऊ नये. तोपर्यंत थांबण्याचा धीर धरला, तर २ किलो भोपळ्याचा जेमतेम पाऊण किलो गर उरतो. पहिल्यांदा करणाऱ्याला ते नुकसान वाटते, पण गेले ते पाणीच.

गर परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यावा. याबाबत मी स्वतःच्या फजितीवरून सांगते. एका कोजागरीला पाहुणे जिना चढून येऊ लागले म्हणून मी घाईघाईने कोमट गरात चक्का कालवला. दहा मिनिटांत चक्क्याने पाणी सोडले, वर निवळी तरंगू लागली आणि आमच्या एका नातलगांनी अत्यंत सभ्यपणे विचारले, की ही कढी वाटीत घ्यायची की भातावर. त्या वर्षी ते डिप खरोखरच दुसऱ्या दिवशी बेसन लावून कढी म्हणून संपवावे लागले, आणि कढी उत्तम झाली, हे येथे नमूद करायला हवे.

मसाल्यासंबंधी आपल्या मनात असलेला गोंधळ स्वाभाविक आहे, कारण अमेरिकेत ज्याला ‘पंपकिन स्पाइस’ म्हणतात त्या मिश्रणात दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग आणि ऑलस्पाइस (मिरीसारखे दिसणारे एक वाळवलेले फळ) असतात, आणि हे मसाले तेथे साखरेच्या जोडीनेच वापरायची पद्धत आहे. त्यांतील दालचिनी आणि लवंग आपल्या घरच्या काळ्या मसाल्यात दगडफूल, धणे आणि खोबऱ्याच्या सोबतीने आधीच नांदत असतात. म्हणून तिखट डिपमध्ये वेगळी दालचिनी घालू नये. काळा मसाला दीड चमचा आणि सुंठ पाव चमचा, एवढ्याने भोपळ्याच्या अंगच्या गोडव्याला जोड मिळते; जायफळ घालायचेच असेल तर किसणीवर दोनदा घासण्याइतके, त्याहून जास्त घातले तर ते तोंडीलावण्याऐवजी मिठाईच्या वासाचे होते.

चार चमचे करडईचे तेल तापवावे. करडईचे तेल आता अनेक घरांतून गेले आहे, ते मिळत नसेल तर शेंगदाण्याचे घ्यावे. त्यात जिरे तडतडू द्यावे, ठेचलेल्या लसणाच्या दहा-बारा पाकळ्या बदामी होईपर्यंत परताव्यात, दोन सुक्या मिरच्यांचे तुकडे टाकावेत आणि गॅस बंद करून मगच काळा मसाला, सुंठ व चिमूटभर लाल तिखट घालावे; मसाल्यांचा वास तेलातच खुलतो, पण तापलेल्या तेलात पूड टाकली तर ती क्षणात जळून कडवट होते. ही फोडणी गार झाल्यावर निम्मी गरात कालवावी, त्यानंतर चक्का आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा चार मोठे चमचे जाडसर कूट हलक्या हाताने मिसळावा. कूट चवीसाठी आहेच, शिवाय राहिलेला ओलावाही तो शोषून घेतो. मीठ अगदी शेवटी, डिप फ्रिजमधून काढल्यावर चव पाहून घालावे, कारण थंड पदार्थात मीठ कमी जाणवते आणि गरम असताना बरोबर वाटलेले मीठ नंतर अपुरे पडते. उरलेली फोडणी वाढताना वरून सोडावी.

बुडवायला काय घ्यावे, हे आपण विचारलेले नाही, तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. बाजारातले पातळ वेफर्स या डिपमध्ये मोडतात. आपल्या लातूर-धाराशिव भागात मिळणारी ज्वारीची कडक भाकरी तळहाताएवढ्या तुकड्यांत मोडली, की याहून योग्य वस्तू दुसरी नाही. धपाटे पातळ थापून, खरपूस भाजून, शंकरपाळ्याच्या आकारात कापून ठेवले तरी चालतात. काकडी द्यायची असेल तर ऐन वेळी चिरावी.

प्रश्न: वरील प्रकार म्हणजे आपले भोपळ्याचे भरीतच नव्हे का? मग त्याला डिप म्हणण्याचे कारण काय? आमच्या सूनबाई आणि मी यांच्यात यावरून वाद झाला आहे. पदार्थ तिने या वर्षीच्या भिशीत केला होता. — एक वाचक, परभणी

उत्तर: वाद मिटवण्याचे काम या सदराचे नसले, तरी दोघींच्याही बाजूने काही बोलता येईल. भाजलेला किंवा उकडलेला भोपळा, दही, फोडणी आणि कूट हे भरताचे घटक आहेत, यात शंका नाही, आणि सूनबाईंनी आपल्याकडून भरीत शिकल्याखेरीज हे डिप त्यांना जमले नसते. मात्र भरीत पानात डावीकडे वाढले जाते, पोळी-भाताबरोबर खाल्ले जाते, त्यामुळे ते सैलसर असले तरी चालते; डिप मात्र उभ्या उभ्या, एका हातात कप आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा घेऊन खायचे असते आणि ते पदरावर सांडता कामा नये. हा फरक घट्टपणाचा आहे, चवीचा नाही. नाव कोणतेही ठेवा. मी स्वतः त्याला तोंडीलावणे म्हणते.

प्रश्न: मुलांसाठी गोड प्रकार करायचा आहे, परंतु क्रीम चीज आमच्या गावात मिळत नाही आणि पिठीसाखर फार घालायची इच्छा नाही. गूळ चालेल का? — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर: गूळ चालेल, इतकेच नव्हे तर अधिक शोभेल, कारण भोपळा आणि गूळ यांची जोडी आपल्या घारग्यांतून पिढ्यान्पिढ्या जुळलेली आहे. घारग्यांसाठी आपण भोपळ्याचा कीस गुळात शिजवून आटवतो, तसाच तो येथेही आटवावा. पुरणयंत्रातून काढलेल्या ५०० ग्रॅम गराला सुमारे १५० ग्रॅम चिरलेला गूळ पुरतो. गूळ विरघळला, की मिश्रण पुन्हा पातळ होते आणि नवखी व्यक्ती येथे घाबरून रवा किंवा कॉर्नफ्लोअर घालते. तसे न करता ते आणखी सात-आठ मिनिटे आटू द्यावे. चमचाभर तूप, पाव चमचा सुंठ, चिमूटभर दालचिनीची पूड, जायफळ आणि कणभर मीठ घालून उतरवावे. पूर्ण गार झाल्यावर ३०० ग्रॅम ताजा, गोडसर चक्का घालावा. चक्का आंबट असेल तर गुळाबरोबर त्याची चव विचित्र लागते, म्हणून या प्रकारासाठी दही एक दिवसापेक्षा जुने नसावे.

अमेरिकेत गोड डिप आल्याच्या कुरकुरीत बिस्किटांबरोबर आणि सफरचंदाच्या फोडींबरोबर खातात. सफरचंदाच्या फोडींना लिंबाचा रस चोळला तर त्या काळ्या पडत नाहीत. आपल्याकडे दिवाळीच्या शंकरपाळ्या या कामी येतात. फक्त त्या कमी गोड कराव्यात, नाहीतर गोडावर गोड होऊन मुले दोन घासांत कंटाळतात.

प्रश्न: बाजारात भोपळ्याची फोड घेताना ती चांगली आहे हे कसे ओळखावे? मागच्या वेळी आणलेला भोपळा शिजल्यावर फिका, पाणचट आणि थोडा कडू लागला. — एक वाचक, जालना

उत्तर: फिका व पाणचट असणे आणि कडू असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गंभीर आहे. काकडी, दुधी, दोडका आणि भोपळा या एकाच कुळातील फळांत कधी कधी कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये वाढतात. ती शिजवल्याने नाहीशी होत नाहीत आणि त्यांमुळे उलट्या, पोटात कळा आणि जुलाब होऊ शकतात. म्हणून फोडीचा बारीक तुकडा चिरतानाच जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा, चूळ भरावी आणि सगळा भोपळा फेकून द्यावा. मसाला किंवा गूळ घालून कडूपणा झाकण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

पाणचटपणा टाळण्यासाठी अख्खा भोपळा घेताना देठ पाहावा. पूर्ण पिकलेल्या फळाचा देठ वाळून बुचासारखा झालेला असतो, सालीवरची चकाकी गेलेली असते आणि सालीत नख रुतत नाही. आकाराच्या मानाने जड लागेल तो घ्यावा. फोड घ्यायची झाल्यास गराचा रंग गडद केशरी आणि जाडी भरपूर असावी, बिया टपोऱ्या असाव्यात, आणि बियांभोवतीची जाळी बुळबुळीत झालेली नसावी. विक्रेत्याने फोड पाणी मारून ताजी ठेवलेली असेल तर ती घेऊ नये. याच भोपळ्याला कोणी डांगर म्हणते, कोणी काशीफळ, कोणी गंगाफळ. त्यामुळे कृती वाचताना नावावर न जाता रंगावर जावे. अख्खे, देठ शाबूत असलेले फळ कोरड्या, हवेशीर जागी दोन-तीन महिने सहज टिकते, पूर्वी माळ्यावर ठेवत तेही याचसाठी. कापल्यावर मात्र बिया काढून, झाकून, फ्रिजमध्ये चार-पाच दिवसच ठेवावा.

प्रश्न: नवरात्रात अष्टमीला आमच्याकडे उपवास करणाऱ्या मैत्रिणी येणार आहेत. त्यांना हे डिप देता येईल का? — एक वाचक, माहूर

उत्तर: तांबडा भोपळा अनेक घरांत उपवासाला चालतो, तरी पाहुण्यांच्या घरची रीत आधी विचारावी, जिरे आणि कोथिंबीर यांबाबतही घराघरांत मतभेद आहेत. लसूण, धणे, काळा मसाला आणि हिंग वगळून, तुपात जिरे व हिरव्या मिरचीची फोडणी करावी, सैंधव घालावे आणि शेंगदाण्याचा कूट थोडा वाढवावा. सोबत राजगिऱ्याच्या पुऱ्या किंवा साबुदाण्याच्या तळलेल्या पापड्या द्याव्यात. ज्वारीची कडक भाकरी त्या दिवशी अर्थातच ताटाबाहेर.

प्रश्न: आमच्या बचतगटाला दिवाळीच्या प्रदर्शनात हे भोपळ्याचे डिप बाटल्यांत भरून विकायचे आहे. लोणच्यासारखे तेलाचा थर देऊन महिनाभर टिकेल का? — बचतगटातील एक सभासद, नांदेड

उत्तर: कृपया असे करू नये. लोणचे टिकते ते मीठ आणि आंबटपणाच्या बळावर; तेलाचा थर केवळ हवा अडवतो. भोपळ्याचा गर जवळजवळ आम्लरहित असतो, आणि अशा पदार्थात, हवा नसलेल्या बाटलीत, बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेला कारणीभूत ठरणारे जिवाणू वाढू शकतात. त्यांच्या विषाचा वास किंवा रंग दिसेलच असे नाही. घरच्या कुकरमध्ये बाटल्या उकळूनही या जिवाणूंचे बीजाणू मरतील याची खात्री देता येत नाही, आणि भोपळ्याचा घट्ट गर घरी डबाबंद करू नये असा अमेरिकेच्या कृषी खात्याचाही सल्ला आहे. त्यात चक्का मिसळला, की तो दुग्धजन्य पदार्थ झाला.

घरी खाण्यासाठी केलेले डिप फ्रिजमध्ये दोन, फार तर तीन दिवस ठेवावे. गच्चीवर किंवा मांडवात ते दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहू देऊ नये. परातीत बर्फ घालून त्यात लहान वाटी ठेवावी आणि संपेल तशी फ्रिजमधून भरून आणावी, एकच मोठे पातेले मध्यभागी मांडू नये. आधी तयारी करायची असेल तर चक्का न घालता नुसता आटवलेला गर फ्रीजरमध्ये तीन महिने उत्तम राहतो, आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला तर हवा तेवढाच काढता येतो.

प्रदर्शनासाठी आपण याच चवीची कोरडी वस्तू विकावी, असे मी सुचवीन: भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, तीळ, शेंगदाणे, सुके खोबरे, लसूण आणि काळा मसाला यांची कोरडी चटणी, तिच्याबरोबर अर्धा किलो चक्क्यात किती घालावी याची चिठ्ठी. लसूण मात्र पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत भाजून घ्यावा, म्हणजे चटणीत ओल राहत नाही. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी लागते. ती करून घ्यावी आणि पाकिटावर घटक व तारीख छापावी.

प्रश्न: भोपळ्याच्या बिया आणि साल टाकून द्यायला जीव होत नाही. काय करावे? — एक वाचक, बीड

उत्तर: बिया जाळीसकट पाण्यात घालून हाताने चोळाव्यात, म्हणजे जाळी सुटते आणि बिया वर तरंगतात. कापडावर पसरून दोन दिवस उन्हात वाळवाव्यात आणि मंद आचेवर, मिठाचे पाणी शिंपडत, फुटल्याचा आवाज येईपर्यंत भाजाव्यात. मूठभर बिया डिपवर पेरण्यासाठी बाजूला काढाव्यात. सालीची चटणी करायची असेल तर भोपळा भाजण्यापूर्वीच थोडी कोवळी साल काढून घ्यावी, ती किसून तेलावर तीळ आणि हिरव्या मिरचीबरोबर परतावी व भरड वाटावी. कढईत करपलेली साल या कामाची नाही, ती जनावरांपुढेही न टाकता खताच्या खड्ड्यात टाकावी.